पेंड, निवळ आणि डबा : बीपीसाठी घेतल्या जाणाऱ्या उरल्या मालाच्या प्रोटीनचा आढावा

चीज करताना दुधातून निघणारं पाणी, तेल काढल्यावर घाण्यात राहणारी पेंड, मासळी सोलल्यावर उरणारी कातडी आणि खवले. या तिन्हींत प्रोटीन असतं आणि तिन्हींचं आज पावडरीत, वडीत किंवा कॅप्सूलमध्ये रूपांतर होऊन ते विकलं जातं. रक्तदाबासाठी चांगलं, असंही त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. त्यात तथ्य किती, कोणता माल घ्यावा, किती घ्यावा, कसा शिजवावा आणि कुणी अजिबात घेऊ नये, हे या आढाव्यात आहे. ब्रँडची तुलना इथे नाही. एकाच प्रकारच्या दहा डब्यांमधल्या फरकापेक्षा प्रकारा-प्रकारांतला फरक कितीतरी मोठा आहे.

निकाल आधीच सांगतो. घरातल्या बीपीच्या माणसासाठी यांपैकी एकच गोष्ट घ्यायची झाली तर ती साधी सोया वडी घ्यावी, मसाल्याचं पाकीट नसलेली. दुसरा क्रमांक साध्या व्हे पावडरीचा, म्हणजे चीजच्या पाण्यातलं (निवळीतलं) प्रोटीन सुकवून केलेल्या पावडरीचा. शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ तिसरं, तेही अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची तपासणी झालेलं असेल तरच. कोलाजेनवर, म्हणजे कातडी-खवल्यांतल्या प्रोटीनच्या पावडरीवर, बीपीसाठी पैसे घालवू नयेत. पनीरचं पाणी कणीक भिजवायला छान, पण त्याला प्रोटीनचा स्रोत समजणं चूक आहे.

आता कारणं.

प्रोटीन अमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांचं बनलेलं असतं; अशा आम्लांच्या छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. शरीरात अँजिओटेन्सिन-१ नावाची दहा अमिनो आम्लांची साखळी असते. एसीई नावाचं एन्झाइम तिची शेवटची दोन आम्लं छाटतं आणि आठांची अँजिओटेन्सिन-२ तयार होते. ही रक्तवाहिन्या आवळते आणि बीपी चढतं. हे एन्झाइम अडवणारं कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांच्या अभ्यासातून निघालं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्याचीच भावंडं. विषातलं पेप्टाइड हे करू शकतं, तर अन्नातलं का नाही, या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. त्यांनी जिलेटिन एन्झाइमने तोडलं आणि त्या तुकड्यांत एसीईला अडवणारी पेप्टाइडं सापडली. म्हणजे या विषयाची सुरुवातच हाडा-कातड्यांच्या उरल्या मालातून झाली. पुढे दूध, सार्डिन मासा, तीळ, सोयाबीन, भाताचा कोंडा, मक्याचं ग्लुटेन, बिअरचा चोथा, सगळ्यांत अशी पेप्टाइडं मिळाली. शेवटच्या तिघांचं काम बहुतांशी परीक्षानळीत आणि उंदरांवर झालेलं आहे, त्यामुळे त्यांना इथेच सोडतो.

परीक्षानळीतला आकडा आणि माणसाचं बीपी यांत अंतर किती, हे एका तुलनेत कळतं. दुधापासूनच्या आयपीपी आणि व्हीपीपी या सर्वांत गाजलेल्या तीन-तीन आम्लांच्या पेप्टाइडांना एसीई निम्मं अडवायला अनुक्रमे ५ आणि ९ मायक्रोमोलर मात्रा लागते. कॅप्टोप्रिलला ०.०२ मायक्रोमोलरच्या आसपास पुरते. म्हणजे ताकद काहीशे पटींनी कमी. त्यात पोटातलं आम्ल, आतड्यातली एन्झाइमं आणि रक्तातली एन्झाइमं या पेप्टाइडांचे आणखी तुकडे पाडतात. रक्तात पोचतं ते फार थोडं. जपानमध्ये ही दोन पेप्टाइडं असलेलं आंबवलेलं दूध आणि गोळ्या सरकारमान्य आरोग्य-अन्न म्हणून विकल्या गेल्या. तिळाचं पेप्टाइड घातलेला जवाचा चहा तर तिथे ३५० मिलीच्या बाटलीत साध्या दुकानात मिळतो. उलट युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये याच आयपीपी-व्हीपीपीचा बीपीचा दावा पुराव्याअभावी मान्य केला नाही. एकाच पेप्टाइडांबद्दल दोन ठिकाणची दोन मतं, कारण परिणाम असलाच तर तो दोन-चार मिमीचा (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) आणि तो अभ्यासागणिक बदलतो.

म्हणून डब्यावर पेप्टाइडाचं नाव शोधण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : रोज किती ग्रॅम प्रोटीन पोटात जाणार, ते कशाच्या जागी जाणार आणि सोबत सोडियम किती येणार.

सोया वडी

सोयाबीनमधून हेक्झेन हा द्रावक वापरून तेल काढतात, उरलेल्या चुऱ्यातला हेक्झेन वाफेने उडवतात आणि ते तेलविरहित पीठ दाब-उष्णतेच्या यंत्रातून ढकलून वडी फुगवतात. लातूरच्या बाजारात येणाऱ्या सोयाबीनचं तेल वेगळ्या पिंपात जातं आणि उरलेलं पीठ या वडीत. कोरड्या वडीत साधारण ५२ टक्के प्रोटीन, चरबी नावापुरती. बीपीच्या दृष्टीने मोलाचा आकडा दुसराच आहे. तेलविरहित सोया पिठात १०० ग्रॅममागे सोडियम फक्त २० मिग्रॅच्या घरात आणि पोटॅशियम दोन हजार मिग्रॅहून जास्त. पोटॅशियम मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. आहारातलं सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, हेच बीपीच्या जेवणाचं मूळ गणित आहे आणि या वडीत ते जन्मतःच जुळलेलं आहे.

पुरावाही यांत सर्वांत दणकट. चीनमध्ये ३०२ जणांवर १२ आठवडे अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज ४० ग्रॅम सोया प्रोटीन घातलेली बिस्किटं, दुसऱ्याला तेवढ्याच वजनाच्या पिष्टमय पदार्थाची. सोया गटाचं वरचं बीपी ४.३ आणि खालचं २.८ मिमीने जास्त उतरलं. ज्यांना सुरुवातीलाच उच्च रक्तदाब होता त्यांच्यात फरक ७.९ आणि ५.३ मिमीचा होता. एक मानक गोळी वरचं बीपी सरासरी ९ मिमीने उतरवते, त्या मानाने हा आकडा लहान नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या बिस्किटांत सोया आयसोलेट, म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रोटीन वेगळं काढलेली पावडर होती, वडी नव्हे. आणि ४० ग्रॅम प्रोटीन वडीतून घ्यायचं तर रोज ७५ ते ८० ग्रॅम कोरडी वडी लागते. ती शिजून पाव किलोच्या आसपास होते. बहुतेकांचं पोट तेवढ्याने फुगतं. आमच्या मते रोज ३० ग्रॅम कोरडी वडी, म्हणजे १५ ग्रॅमच्या वर प्रोटीन, हे निभण्यासारखं प्रमाण आहे. परिणामही त्या मानाने निम्म्याखालीच धरावा.

बिघडतं ते शिजवताना. बहुतेक घरांत वडी मिठाच्या पाण्यात उकळतात. वडी स्पंजसारखी आहे, आपल्या वजनाच्या दोन-अडीच पट पाणी पिते. एक लिटर पाण्यात एक चमचा, म्हणजे सहा ग्रॅम मीठ घातलं आणि ५० ग्रॅम वडी उकळली, तर शंभर-सव्वाशे मिली खारं पाणी तिच्या आत जातं. म्हणजे ०.६ ते ०.७ ग्रॅम मीठ. पिळल्यावर त्यातलं निम्मं तरी आतच राहतं. वर रश्शाचं मीठ वेगळं. रोजची मिठाची जागतिक शिफारस ५ ग्रॅमच्या आत आहे, त्यात पोळी, आमटी, लोणचं, सगळं आलं.

म्हणून अशी करावी : वडीच्या पाच-सहा पट पाणी, बिनमिठाचं, उकळी फुटल्यावर वडी टाकून पाच मिनिटं. गॅस बंद करून झाकण ठेवून दहा मिनिटं. चाळणीत ओतून गार पाण्यात टाकावी आणि तळव्यांत दाबून पिळावी. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळणं. पाण्याचा पिवळसरपणा आणि कच्च्या सोयाबीनचा वास गेला की झालं. एकदाच पिळून सोडलं तर भाजीत तो वास राहतो आणि मग तो दाबायला मसाला आणि मीठ वाढतं.

या पिळण्यात एक देवघेव आहे. पोट फुगवणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा पाण्यासोबत जातात, पण पोटॅशियमही जातं. ज्यांना गॅसचा त्रास नाही आणि मूत्रपिंड ठीक आहे, त्यांनी एकदाच उकळून हलकं पिळावं. ज्यांना टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिलसारखी पोटॅशियम वाढवू शकणारी गोळी चालू आहे, त्यांनी दोनदा पिळावं आणि ते पाणी सूपला वापरू नये.

फोडणीत आलं, लसूण, कढीपत्ता, भाजलेला कांदा आणि शेवटी आमसूल किंवा लिंबू घातलं की मीठ कमी असल्याचं जिभेला फारसं जाणवत नाही. आंबट चव खारटाची जागा बरीचशी भरून काढते. दोन माणसांच्या भाजीला पाव चमचा मीठ पुरतं. म्हणजे माणशी पाऊण ग्रॅम मीठ, सोडियम ३०० मिग्रॅ. तयार कांदा-लसूण मसाला वापरणार असाल तर वरून मीठ घालूच नका, त्यात आधीच भरपूर असतं. गोडा मसाला बहुधा बिनमिठाचा असतो, तरी विकतच्या पाकिटावरची यादी वाचावी. वडीसोबत येणारं मसाल्याचं पाकीट फेकून द्यावं. आणि सोया चिवडा, सोया पापड, सोया खारी यांना सोया वडीच्या रांगेत धरू नये. पापडखार आणि खायचा सोडा हेही सोडियमच आहेत. एका चमचा खायच्या सोड्यात सोडियम १,२०० मिग्रॅच्या वर असतं.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवावं, सोयामुळे ती गोळी कमी शोषली जाते. गाउट असेल तर रोज वडी नको.

व्हे पावडर

चीज करताना रेनेट या एन्झाइमने दूध फाटतं, केसिन हे दुधातलं मुख्य प्रोटीन गोळा होतं आणि निवळ बाजूला होते. एक किलो चीजमागे ही निवळ जवळपास नऊ लिटर निघते. ओढ्यात सोडली तर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन मासे मारते, म्हणून एकेकाळी डेअऱ्यांची ती डोकेदुखी होती. आता बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून तिच्यातलं प्रोटीन वेगळं करतात आणि फवारून सुकवतात. निवळीत प्रोटीन पाऊण टक्क्याच्या आसपास, म्हणजे एका स्कूपमधल्या २५ ग्रॅम प्रोटीनसाठी साडेतीन लिटर निवळ लागते.

इथे पनीरच्या पाण्याचा गैरसमज दूर करायला हवा. पनीरसाठी दूध ८५-९० अंशांपर्यंत तापवतात. त्या उष्णतेत व्हे प्रोटीनची घडी उलगडते, ते केसिनला चिकटतं आणि लिंबू पिळल्यावर पनीरमध्येच अडकतं. म्हणूनच पनीरला उतारा चांगला येतो. खाली उरलेल्या पाण्यात असते लॅक्टोज, थोडं कॅल्शियम आणि १०० मिलीला १४०-१५० मिग्रॅ पोटॅशियम. प्रोटीन अगदी थोडं. उकळलेल्या दुधाचं दही लावून चक्का टांगला, तर त्याच्या पाण्याचीही गोष्ट तीच. पोळ्यांच्या कणकेत, आमटीत, भातात ते जरूर वापरा, पोटॅशियम मिळेल. मधुमेह असेल तर लॅक्टोज मोजा : एका पेल्यात आठ-दहा ग्रॅम साखर. आणि हे पाणी प्यायलो म्हणून जेवणातली डाळ कमी करू नका.

ताक हेही लोण्याचं उपउत्पादनच. त्यात प्रोटीन आहे, पण एक वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घातलं की ते एक टक्क्याखाली जातं. बीपीच्या माणसाला ताक द्यायचंच, फक्त मिठाऐवजी जिरेपूड, आलं आणि कोथिंबीर. पेल्याला पाव चमचा मीठ टाकलं की जवळजवळ ६०० मिग्रॅ सोडियम गेलं, दिवसभराच्या २,००० मिग्रॅच्या मर्यादेतलं. पिशवीतलं मसाला ताक रोजचं ठेवू नये.

पावडरीकडे वळू. पुराव्याची गुंतागुंत इथे नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण डब्यांची किंमत तिच्यावर ठरते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३० जणांना सहा आठवडे रोज २० ग्रॅम व्हे दिलं. एका गटाला हायड्रोलाइज्ड, म्हणजे एन्झाइमने आधीच तोडलेलं, दुसऱ्याला साधं. तोडलेल्या व्हेच्या गटाचं बीपी साध्याच्या तुलनेत ८ आणि ५.५ मिमीने खाली आलं. यावरून हायड्रोलाइज्डच घ्यावं असं वाटेल. पण २०१६ मध्ये ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठाचा अभ्यास आला. ३८ जणांनी आठ-आठ आठवडे आळीपाळीने व्हे, केसिन आणि माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासूनची कर्बोदकाची पावडर) घेतलं. व्हे न तोडलेलं, दिवसाला दोनदा २८ ग्रॅम. दंडाला चोवीस तास यंत्र बांधून मोजलं तेव्हा व्हेमुळे बीपी माल्टोडेक्स्ट्रिनपेक्षा ३.९ आणि २.५ मिमीने कमी भरलं. केसिनने तसं काही झालं नाही. म्हणजे पहिल्या अभ्यासात ज्या साध्या व्हेला काही जमलं नाही, त्याने दुसऱ्यात काम केलं. मात्रा मात्र जवळपास तिप्पट होती आणि समोर माल्टोडेक्स्ट्रिन होतं.

यातून दोन निष्कर्ष काढावेसे वाटतात. पहिला : पिठा-साखरेच्या जागी प्रोटीन आलं, एवढ्यानेच परिणामाचा काही भाग साधतो. अमेरिकेतल्या २००५ च्या एका आहार-अभ्यासात कर्बोदकांचा एक हिस्सा प्रोटीनने, त्यातलं निम्मं वनस्पतींचं, बदलला तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांचं वरचं बीपी ३.५ मिमीने उतरलं, कुठल्याही खास पेप्टाइडाशिवाय. दुसरा : ‘हायड्रोलाइज्ड’ या एका शब्दासाठी दीडपट-दुप्पट पैसे देऊ नयेत. कोणत्या एन्झाइमने, किती वेळ, किती तोडलं यावर आत कोणती पेप्टाइडं तयार होतात ते ठरतं आणि डब्यावर ते लिहिलेलं नसतं. अभ्यासातला माल आणि दुकानातला माल एकच आहे, असं मानायला आधार नाही. शिवाय तोडलेलं प्रोटीन कडू लागतं. तो कडवटपणा लपवायला चव, गोडी आणि कधी मीठही वाढवावं लागतं.

डबा घेताना मागची बाजू वाचायची ती अशी. घटकांची यादी उतरत्या प्रमाणात असते. पहिलं नाव व्हे कॉन्सन्ट्रेट किंवा त्याहून शुद्ध आयसोलेट असावं. माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या तिनांत आलं तर तो वजन वाढवायचा माल आहे, बीपीवाल्याने ठेवून द्यावा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २३-२५ ग्रॅम प्रोटीन हवं. सोडियम स्कूपला १०० मिग्रॅच्या आत असेल तर उत्तम, १५० च्या वर असेल तर दुसरा डबा पाहावा. यादीत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन असेल तर सावध व्हावं. प्रयोगशाळा प्रोटीन नायट्रोजनवरून मोजते आणि ही स्वस्त आम्लं घालून तो आकडा फुगवता येतो. पडताळा ल्युसिन या अमिनो आम्लावर घ्यावा : खऱ्या व्हेच्या २५ ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. बरंच कमी लिहिलं असेल, किंवा अमिनो आम्लांचा तक्ताच नसेल, तर घेऊ नये. कॅफिन घातलेलं व्यायामापूर्वीचं मिश्रण अजिबात नको. आणि एक गोष्ट दुकानदारही सहसा सांगत नाही : ‘हर्बल’ प्रोटीनमध्ये ज्येष्ठमध असेल तर ते परत ठेवा. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी वाढवतं.

‘बीपी बरं करतं’ असं पुढच्या बाजूला लिहिलेलं दिसलं तर तेवढ्यावरूनच डबा नाकारावा. खाद्यपदार्थाने रोग बरा करण्याचा दावा करणं आपल्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांत बसत नाही. औषध म्हणून अशी जाहिरात तर १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याच्या यादीत आहे, त्यात उच्च रक्तदाबाचं नाव स्पष्ट आहे. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक १४ अंकी असतो, तो नसेल तर पुढे वाचायचंही कारण नाही.

एक स्कूप २५० मिली गार किंवा कोमट पाण्यात, आधी पाणी मग पावडर. उकळत्या दुधात टाकली की गुठळ्या होतात. प्रोटीन वाया जात नाही, पण पेला मात्र पिववत नाही. लॅक्टोज सोसत नसेल तर आयसोलेट घ्यावं, इतरांना कॉन्सन्ट्रेट पुरे. सर्वांत मोठी चूक प्रमाणात होते. सकाळच्या पोह्यांवर आणि दुपारच्या पोळ्यांवर वरून दोन स्कूप घेतले तर रोज २४० कॅलरी वाढतात, महिन्याभरात पोट सुटतं आणि वाढलेलं वजन बीपी वर नेतं. एक स्कूप घेतला की एक पोळी कमी, किंवा पोह्यांची बशी निम्मी.

खर्च असा मोजावा : समजा एक किलोचा डबा २,४०० रुपयांना आणि प्रोटीन ७५ टक्के. म्हणजे ७५० ग्रॅम प्रोटीन, २० ग्रॅमला ६४ रुपये. समजा सोया वडी १५० रुपये किलो आणि प्रोटीन ५२ टक्के, तर २० ग्रॅमला सहा रुपयांहून कमी. आपल्या गावातले भाव घालून हेच करा, अंतर थोडंफार इकडेतिकडे होईल एवढंच. म्हातारपणी चावता येत नाही, भूक कमी आहे, अशा माणसाला पावडरीचा खर्च योग्य आहे. दात आणि पोट शाबूत असलेल्याला वडी बरी.

शेंगपेंड आणि बाकीच्या पेंडी

शेंगदाण्याचं प्रोटीन आर्जिनिनने भरलेलं असतं, बाराएक टक्के. या आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड करतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. तेलविरहित पिठात प्रोटीन ५० टक्क्यांच्या आसपास. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तीन भाग शेंगदाणा पीठ आणि एक भाग हरभऱ्याचं पीठ असं बहुउद्देशीय अन्न फार पूर्वीच तयार केलं होतं, त्यामुळे ही वाट आपल्याकडे नवी नाही.

अडचण बुरशीची. ओलसर साठवलेल्या शेंगांवर अस्परजिलस वाढते आणि अफ्लाटॉक्सिन सोडते, जे यकृताला घातक आहे. तेल काढताना ते बहुतांश तेलात न जाता पेंडीत उरतं. भाजून, उकळून ते निघत नाही. घाण्यावरची पेंड दिसायला पिवळीधमक, वासाला खमंग असली तरी आत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून जनावरांसाठीच्या पोत्यातली पेंड माणसाने खाऊ नये, गावच्या ओळखीच्या घाण्यावरची असली तरी, जोवर शेंगा निवडून-वाळवून आपल्यासमोर घातलेल्या नाहीत. खाद्य म्हणून पॅक केलेलं पीठ घ्यावं आणि विक्रेत्याकडे त्या लॉटचा अफ्लाटॉक्सिनचा अहवाल मागावा. किलोला १० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर घ्यावं. लाकडी घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहतं, ती लवकर खवट होते. थोडीच आणावी, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी, जिभेवर टोचू लागली की टाकून द्यावी.

भाकरीच्या पिठात चार भागांना एक भाग शेंगपीठ सहज खपतं. त्याहून जास्त घातलं की भाकरी थापताना चिरते. सुकी चटणी करताना मीठ नेहमीच्या निम्मं आणि तिखटासोबत आमचूर.

तिळाची पेंड चटणीला चांगली, पण न सोललेल्या तिळाच्या पेंडीत ऑक्सलेट बरंच असतं, मुतखडा होऊन गेलेल्यांनी टाळावी. जपानी चहातलं तिळाचं पेप्टाइड एन्झाइमने तोडून केलेलं आहे, पेंड खाऊन ते मिळेल असं समजू नये. सरकीची ढेप ढोरांचीच. तिच्यातलं गॉसिपॉल माणसाला विषारी आहे, प्रोटीन कितीही असो.

कोलाजेन

माशांचे खवले-कातडी, कोंबडीचे पाय, जनावरांचं चामडं यांपासून केलेली ही पावडर सांध्यांसाठी, त्वचेसाठी आणि आता बीपीसाठीही विकली जाते. एसीई अडवणारी पेप्टाइडं तिच्यात आहेत, ती १९७९ मध्येच दिसली होती. माणसांवरचे अभ्यास मात्र छोटे आणि थोडे. शिवाय कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे जेवणातल्या प्रोटीनची जागा ते घेऊ शकत नाही. डाळ, वडी किंवा दूध कमी करून त्या जागी कोलाजेन घेतलं तर नुकसानच. घरचं पाया सूप आवडीने प्यावं, मीठ बेताचं ठेवून. सुक्या मासळीचं पाणी मात्र बीपीवाल्याने टाळावं, त्यात मीठच मीठ.

कुणी घेऊ नये

वर्षानुवर्षं चढलेलं बीपी मूत्रपिंड बिघडवतं आणि बिघडलेलं मूत्रपिंड बराच काळ काही सांगत नाही. त्यामुळे वडी असो वा पावडर, रोजचं प्रोटीन वाढवण्याआधी क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं पोटॅशियम या चार तपासण्या कराव्यात. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रोटीनचं माप डॉक्टरच ठरवतील, आणि ते वाढवण्याऐवजी बहुधा कमी करायला सांगतील. मीठ कमी करायचं म्हणून पोटॅशियम क्लोराइडवालं ‘लो सोडियम’ मीठ आणि सोबत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल, तर त्यावर रोजची वडी सुरू करण्याआधी पोटॅशियम तपासलंच पाहिजे. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. गरोदरपणी वाढलेल्या बीपीवर यातलं काहीही स्वतःहून सुरू करू नये. वरचं १८० किंवा खालचं १२० च्या पुढे आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलणं अडखळतंय, तर थेट दवाखाना.

चालू असलेली गोळी कुणीही, कोणत्याही डब्याच्या भरवशावर बंद करू नये.

फरक पडतोय का, हे कसं पाहायचं

चार मिमीचा फरक एका मोजणीत दिसत नाही. एकाच माणसाचं बीपी दिवसभरात वीस मिमीने सहज हलतं. म्हणून सुरू करण्याआधी सात दिवस मोजावं : सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घेण्याआधी, आणि रात्री झोपण्याआधी. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको, हात टेबलावर असा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. पाच मिनिटं गप्प बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पट्टा दंडाचा घ्यावा, मनगटाचा नको, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा, कारण आखूड पट्टा आकडा वाढवून दाखवतो. पहिला दिवस सोडून बाकी सहा दिवसांची सरासरी काढावी. घरी १३५/८५ ही सीमा धरतात.

मग सहा ते आठ आठवडे एकच बदल ठेवावा. त्याच काळात मीठ कमी केलं, चालणं सुरू केलं आणि वडीही खाल्ली, तर बीपी उतरेल, पण कशाने ते कळणार नाही. चालणं आणि मीठ आधीच जमवलेलं असेल तरच वडी-पावडरीचा हिशेब निघतो. शेवटच्या आठवड्यात पुन्हा तसंच सात दिवस मोजावं. सरासरी तीन-चार मिमीने उतरलेली दिसली तर चालू ठेवायला हरकत नाही. काहीच हललं नाही तर पावडरीचे पैसे वाचवावेत. वडी भाजी म्हणून राहू द्यावी. उठून उभं राहताना चक्कर येऊ लागली किंवा वरचं बीपी वारंवार ११० च्या खाली दिसू लागलं, तर मोजण्याची वही आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे जावं. गोळीची मात्रा बदलायची की प्रोटीनची, ते त्यांना त्या दोन्हींवरून ठरवता येतं.